बाप आणि मुलगा एकाच पुस्तकात कशाला? (टिम बकली – जेफ बकली)

सांजवारा

गेले पंधरा दिवस टिम बकली आणि जेफ बकली या अमेरिकन गायक बापलेकांचं एकत्र चरित्र वाचत होते, काल रात्री दीडला संपलं आणि नंतर झोपच लागेना, म्हणून धागा काढतेय. पुस्तकाची रचना अशी आहे की एक प्रकरण मुलाचं, मग एक बापाचं, परत मुलाचं, परत बापाचं. लिहिलंय मेहनतीने, त्याबद्दल वाद नाही. पण जेफच्या आयुष्यात जरा कुठे जीव रमायला लागतो की प्रकरण संपतं आणि बाप दारात हजर. निम्म्यावर आल्यावर मला खरंच राग यायला लागला.

कारण जेफने आयुष्यभर एकच मागणं मागितलं होतं, मला त्यांचा मुलगा म्हणून ऐकू नका. मुलाखतीत वडिलांचा विषय निघाला की तो आक्रसून जायचा. टिमने त्याच्या आईला, मेरीला, ती गरोदर असतानाच सोडलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये घटस्फोट आणि १७ नोव्हेंबरला हे बाळ जन्मलं, म्हणजे महिनाभराचं अंतर. त्यानंतर मुलाला वडिलांचा खराखुरा सहवास मिळाला तो १९७५ च्या ईस्टरच्या सुट्टीत, जेमतेम आठवडाभर, तेव्हा तो आठ वर्षांचा. आणि २९ जून १९७५ ला टिम गेला. वय २८.

एवढ्याशा ओळखीवर दोघांना एका पुस्तकात बांधायचं? रक्ताचं नातं चरित्रकाराला पुरेसं असतं का? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

लोकल_९_०७

मला जेफ बकली म्हणजे फक्त ते हॅलेलुया माहितीये. बापही गायचा हे आत्ता कळलं. थोडी पार्श्वभूमी द्याल का, म्हणजे भांडायला मलाही येता येईल :)

सांजवारा

@लोकल, देते की.

टिमचा जन्म १९४७ चा, वाढला कॅलिफोर्नियात, शाळासोबती लॅरी बेकेट कविता लिहायचा आणि हा गायचा. १९६६ ते १९७४ मध्ये नऊ अल्बम. सुरुवात साध्या गिटारवरच्या गाण्यांनी, मग जॅझकडे, मग १९७० च्या 'स्टारसेलर'मध्ये तर आवाजाचे असे काही प्रकार की ऐकणारे पळून गेले, मग शेवटी नाचायला लावणारा फंक. हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला तेव्हा अंगावर कर्ज आणि मालकीचं म्हणजे एक गिटार नि एक अ‍ॅम्प.

जेफचा हयातीतला पूर्ण स्टुडिओ अल्बम एकच, 'ग्रेस', ऑगस्ट १९९४. आणि तू म्हणतोस ते हॅलेलुया मूळ लेनर्ड कोहेनचं, त्याच अल्बममध्ये जेफने गायलेलं. २९ मे १९९७ ला मेम्फिसमध्ये बुडून गेला, वय ३०.

कोमल_निषाद

सांजवारा, तुमचा राग समजतो पण मला पटत नाहीये. तुम्ही दोघांचे आवाज मागोमाग ऐकलेत का? मी ऐकलेत, हेडफोन लावून, एकाच बैठकीत. अहो वरच्या सप्तकात शिरताना दोघंही आवाज पातळ करत नाहीत, तो भरलेलाच ठेवून वर नेतात आणि टोकाला गेल्यावर सोडून देतात, पतंगाची ढील द्यावी तसा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. शिकवायला भेटलेच कुठे? मग हा प्रश्न चरित्रकाराने विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

आणि टिमचा आवाज नुसता देवाने दिलेला नव्हता हेही लक्षात घ्या. तो सांगायचा की लहानपणी सायकलवर गल्लीतून फिरताना तो येणाऱ्याजाणाऱ्या बसेसवर ओरडायचा, आवाज आणखी वर जाईना होईपर्यंत. रियाझच म्हणायचा तो. आपल्याकडे गळा मिळाला म्हणतात, पण मिळालेल्या गळ्यावर दोघांनी वेगवेगळे कष्ट केलेत आणि ते शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून जोडचरित्र मला योग्यच वाटतं.

वांगीभात

खाण तशी माती, दुसरं काय.

गोदाकाठ

@वांगीभात, एका ओळीत इतकं सोपं करू नका हो. मातीचं मडकं कोणी घडवलं हा प्रश्न राहतोच ना. जेफला सहाव्या वर्षाच्या सुमारास आजीच्या कपाटात गिटार सापडली. आजीच्या! म्हणजे आईकडच्या घरात. आई स्वतः पियानो आणि चेलो वाजवणारी, घरात गाणं कायम. सावत्र वडिलांनी त्याला लेड झेपलिन या रॉक बँडची 'फिजिकल ग्राफिटी' घेऊन दिली, ती त्याच्या स्वतःच्या मालकीची पहिली रेकॉर्ड, आणि पुढे जेफच्या गाण्यात झेपलिन किती आहे ते कुठलाही ऐकणारा सांगेल.

मला पुस्तकाबद्दल जी तक्रार आहे ती सांजवाराताईंपेक्षा वेगळी आहे. एक आड एक प्रकरण मिळालं कुणाला, जो घरात नव्हता त्याला. ज्या बाईने शाळा बदलत, घरं बदलत, पोराला वाढवलं, तिला मधल्या मधल्या परिच्छेदात जागा. ज्या माणसाने त्याला आपलं आडनाव वापरू दिलं (लहानपणी जेफ 'स्कॉटी मूरहेड' म्हणूनच ओळखला जायचा) त्याचंही तेच. पाठीवर बापाचं नाव नि आतून घर चालवलं दुसऱ्यांनी, हे आपल्याकडे काय नवीन आहे का. मला तिसरं प्रकरण हवं होतं. मुलगा, बाप, आई. असं चाललं असतं तर मी सलाम केला असता.

चाफेकळी

+१ गोदाकाठ. अगदी मनातलं बोललीस. आणि लेक गेल्यानंतर त्याच्या अर्धवट राहिलेल्या गाण्यांचं काय करायचं हेही आईलाच बघावं लागलं. तो गेला तेव्हा दुसऱ्या अल्बमची गाणी अर्धी होती, ती १९९८ मध्ये आली. तरण्याताठ्या पोराचा आवाज कॅसेटवर ऐकत बसून यातलं काय लोकांना द्यायचं हे ठरवायचं, कसं जमलं असेल तिला.

लोकल_९_०७

बापरे, हा विचारच केला नव्हता.

बाकी एक विचारू? बापासारखाच नशेत गेला ना हापण?

मिसिसिपीकाठ

@लोकल, नाही, आणि हे नीट सांगायला हवं कारण मी मेम्फिसला चार वर्षं होतो आणि तिथेही लोक हेच बोलायचे.

शवविच्छेदनात दारू-ड्रग्जचा संबंध निघाला नाही. अपघाती बुडणं अशी नोंद आहे. त्या संध्याकाळी तो एका सहकाऱ्याबरोबर वुल्फ रिव्हर हार्बरला गेला, कपडे आणि बूट घालूनच पाण्यात उतरला, उताणा पोहत झेपलिनचं गाणं म्हणत होता. बरोबरचा माणूस काठावरचा रेडिओ नि सामान लाटेपासून वाचवायला मागे वळला, कारण एक टगबोट गेली होती, आणि परत बघतो तर हा दिसेना. सहा दिवसांनी, ४ जूनला सापडला. त्याच संध्याकाळी त्याचा बँड न्यूयॉर्कहून मेम्फिसला येत होता, नवीन अल्बमचं काम सुरू करायला.

ती जागा मी पाहिलीये. शहर आणि मड आयलंडच्या मधला पाण्याचा पट्टा, वरून अगदी गढूळ नि शांत दिसतो, आपल्याकडच्या एखाद्या धरणाच्या फुगवट्यासारखा. वाऱ्याला कुजका वास असतो. बोट गेली की एक मिनिटाने काठावर पाणी चढतं, आधी काहीच नाही आणि मग एकदम. मी उभा होतो तेव्हा माझे बूट भिजले.

सांगायचं कारण असं की जोडचरित्राचा खरा तोटा हा आहे. बाप २८ व्या वर्षी ड्रग्जने, मुलगा ३० व्या वर्षी, दोन मृत्यू शेजारी ठेवले की वाचणाऱ्याचं डोकं आपोआप रेघ ओढतं. लेखक काही खोटं लिहीत नाही, पुस्तकात सगळं नीट दिलंय, पण रचनाच ती रेघ ओढते. एकाचा मृत्यू व्यसनाचा, दुसऱ्याचा पाण्याचा. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

कोमल_निषाद

@मिसिसिपीकाठ हा मुद्दा मान्य. याचा मी विचार केला नव्हता.

षड्ज_पंचम

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं उदाहरण आल्याशिवाय राहवत नाही. पं. रविशंकर आणि शुभेंद्र शंकर. शुभेंद्रचा जन्म १९४२ चा, मुंबईत आईकडे म्हणजे अन्नपूर्णादेवींकडे सतारीची तालीम, ती मधेच सोडून १९७० ला वडिलांबरोबर अमेरिकेला, पुढे कधी वडिलांच्या शेजारी बसून वाजवलं, कधी सतार बाजूलाच पडली. १९९२ मध्ये गेले. वडील नंतर वीस वर्षं होते. मला वाटतं बकलींपेक्षा ही गोष्ट जास्त दुखरी आहे, कारण इथे बाप समोर मंचावर बसलेला आहे.

गोदाकाठ

आणि तिथेही पुन्हा शिकवलं आईने हे बघा :)

वांगीभात

पण दुखरेपणाची अशी तुलना कशाला करायची. ज्याचं त्याला. शुभेंद्रना बाप मिळाला, हात मिळाला, सूर कानावर पडला. जेफला तेही नाही. मला तर उलट वाटतं.

षड्ज_पंचम

@वांगीभात तुलना नाही करायची मान्य, पण मग नोरा जोन्सचं नाव घेतोच. तीही पंडितजींचीच मुलगी, आईने अमेरिकेत वाढवली, बरीच वर्षं वडिलांशी संबंध नव्हता. जन्माचं नाव गीताली नोरा जोन्स शंकर. सोळाव्या वर्षी तिने कायद्याने 'शंकर' काढून टाकलं. २००३ ला पाच ग्रॅमी घेतली तेव्हा ती स्वतःच्या नावावर उभी होती, वडिलांशी जुळलंही पुढे. आता जेफ बघा, नेमका उलटा. लहानपणभर स्कॉटी मूरहेड, आणि बाप मेल्यावर त्याने ठरवून 'बकली' आडनाव परत घेतलं. नंतर त्याच नावाचं ओझं आयुष्यभर. कुणी लादलं नव्हतं हो, दहा वर्षांच्या आत-बाहेरच्या पोराने स्वतः उचललं.

म्हणून सांजवारा, "मला त्यांचा मुलगा म्हणू नका" एवढंच त्याचं म्हणणं नव्हतं असं मला वाटतं.

सांजवारा

@षड्ज_पंचम, हे वाचून थांबले मी. पुस्तकात आडनावाचा भाग वाचला होता पण नोराशेजारी ठेवून कधी पाहिला नव्हता. विचार करते.

कव्वालीवेडा

उशिरा आलो धाग्यावर, पण कुणी नुसरतचं नाव घेतलं नाही म्हणजे काय!

मंडळी, जेफ बकली नुसरत फतेह अली खानचा भक्त होता. भक्तच म्हणतो मी. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये शिने नावाचा एक छोटासा कॅफे होता, तिथे तो एकटा गिटार घेऊन गायचा, आणि तिथे त्याने 'ये जो हलका हलका सुरूर है' गायलंय. उर्दूत! रेकॉर्डिंग आहे, २००३ मध्ये आलेल्या मोठ्या आवृत्तीत ऐका. आधी तो लोकांना सांगतो की नुसरत माझा एल्व्हिस आहे, लोक हसतात, त्यांना गंमत वाटते, आणि मग तो सुरू करतो आणि हसू हळूहळू बंद होतं. उच्चार कुठे कुठे घसरतात पण सरगम घेतो तेव्हा त्यात टिंगल अजिबात नाही, कान देऊन शिकलेलं आहे ते. पुढे त्याने नुसरतची मुलाखत घेतली, नुसरतच्या एका संग्रहाला प्रस्तावनेचा मजकूरही लिहिला. १९९७ च्या मे मध्ये हा गेला आणि ऑगस्टमध्ये नुसरत गेला.

आता मुख्य गोष्ट. नुसरतच्या वडिलांना, उस्ताद फतेह अली खानांना, पोराने डॉक्टर व्हावं असं वाटत होतं. ते १९६४ ला वारले. नुसरत सांगायचा की वडील स्वप्नात आले, गळ्याला हात लावला, म्हणाले गा. आणि तो लोकांसमोर पहिल्यांदा गायला तो वडिलांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी करतात त्या विधीला.

आणि जेफ? न्यूयॉर्कमध्ये लोकांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते २६ एप्रिल १९९१ ला, ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चमध्ये, वडिलांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात! बाप गेल्याला सोळा वर्षं होत आली होती. अंत्यविधीला दोनेकशे माणसं होती म्हणतात, पोराला बोलावलं नव्हतं. त्यानेच नंतर सांगितलं की मला अंत्यविधीला जाता आलं नाही, त्यांना कधी काही सांगता आलं नाही, हे खुपत होतं, म्हणून गेलो. त्या कार्यक्रमाचा आपल्या करिअरसाठी उपयोग व्हायला नको हेही त्याने आयोजकाला आधी बजावलं होतं. झालं उलटंच, तिथूनच लोक विचारायला लागले हा कोण.

मला हा चाळिसावाच वाटतो. सोळा वर्षं उशिरा केलेला.

चाफेकळी

अंगावर काटा आला.

कोमल_निषाद

@कव्वालीवेडा, त्या रात्रीचं आणखी सांगतो, कारण तिथे दोन गोष्टी घडल्या ज्या मला विसरता येत नाहीत.

एक म्हणजे त्याने कुठलं गाणं निवडलं. टिमचं १९६७ चं एक गाणं आहे, नावाचा अर्थ साधारण असा की तुझा डोंगर व्हायला मी मागितलं नव्हतं. ते सोडून दिलेल्या बायकोला आणि बाळाला उद्देशून आहे. ते बाळ म्हणजे हाच. जे गाणं आपल्याला टाकून जाताना बापाने लिहिलं ते चर्चमध्ये अनोळखी लोकांसमोर उभं राहून गायचं, बापाच्याच पट्टीतल्या गळ्याने. साथीला गॅरी लुकस गिटारवर.

दुसरं, शेवटचं गाणं तो एकटा गिटारवर गात होता आणि मधेच तार तुटली. थांबला नाही. गिटार सोडून नुसत्या गळ्यावर गाणं पूर्ण केलं. आपल्या बैठकीत तंबोऱ्याची तार गेली तर मागचा पटकन दुसरा जुळवतो, गवई डोळे मिटून आवाज धरून ठेवतो, तसं. पण याच्या मागे दुसरा तंबोरा नव्हता.

लोकल_९_०७

भांडायला आलो होतो आणि आता ऑफिसात डोळे पुसतोय. कांदा चिरतोय म्हणून सांगितलं तर इथे कुणाला पटणार नाही.

वांगीभात

@लोकल 😀 चालतंय रे.

पण मी बापाच्या बाजूने एक शब्द बोलू का? लग्न झालं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अठरा. आपली पोरं त्या वयात बारावीच्या मार्कांवरून रुसून बसतात. माफ करा म्हणत नाही, पण...

गोदाकाठ

@वांगीभात, मेरीसुद्धा शाळेतलीच होती हो. ती नाही गेली कुठे. आणि पुढे टिमने दुसरं लग्न केलं १९७० मध्ये, त्या बायकोच्या मुलाला रीतसर दत्तक घेतलं. म्हणजे बाप होता येत नव्हतं असं नाही. या मुलाचा होता आलं नाही. जेफला हे कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, त्यापुढे वयाची सबब मला ऐकवत नाही.

वांगीभात

बरोबर आहे तुमचं. मागे घेतो.

पाव्या

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझे वडील लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. मी चार वर्षांचा असताना घर सोडून गेले, दुसऱ्या गावात दुसरं घर केलं. घरात त्यांची एकच वस्तू राहिली होती, रीडची एक चपटी डबी, आत तीन रीड, एकाचं टोक तुटलेलं. आईने ती टाकलीही नाही आणि कधी उघडलीही नाही, शिवणाच्या मशीनच्या खणात असायची. मी लहानपणी चोरून रीड तोंडात धरायचो, लाकडाची कडवट चव लागायची. वाजवणारे रीड आधी ओठात भिजवतात हे मला खूप नंतर कळलं. तोवर मी न सांगता तेच करत होतो.

आज मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. क्लॅरिनेटला हात लावला नाही, मुद्दाम. काही वर्षांपूर्वी एका वरातीत जुना बँडमास्तर भेटला, माझं वाजवणं ऐकून म्हणाला, सम सोडून अर्धी मात्रा मागे येतोस ना, तुझा बाप असाच यायचा. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. राग आला होता. आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाचा जास्त राग आला.

सांजवाराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल असं वाटतं. माझ्याबद्दल कुणी पुस्तक लिहिणार नाही, पण लिहिलंच तर त्यात त्यांचं प्रकरण मला नको. आईचं हवं. गोदाकाठताई म्हणतात तसं. पण ती अर्धी मात्रा मात्र लिहावी लागेल, ती नाही लिहिली तर माझं वाजवणं खोटं सांगितल्यासारखं होईल.

सांजवारा

@पाव्या, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तीन वेळा वाचलं.

माझं मत बदललं का, तर अर्धं. एक आड एक प्रकरणाची रचना मला अजूनही चुकीची वाटते, मिसिसिपीकाठ यांनी सांगितलेलं कारण तर मला सर्वांत मोठं वाटतं. पण टिमला बाहेर काढा असं मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणत होते ते मागे घेते. तो यावा, जेफच्या गाण्यात जिथे येतो तिथे यावा, सेंट अ‍ॅन्सच्या रात्री यावा, आडनाव उचललं त्या दिवशी यावा. बाकी पानं घरात होते त्यांची.

आणि 'ग्रेस'मधलं शेवटचं गाणं आज पुन्हा ऐकलं. ते जेफने एका मित्रासाठी लिहिलं होतं, गरोदर मैत्रिणीला सोडायच्या बेतात असलेल्या. तसं करू नकोस, माझ्या बापासारखा होऊ नकोस असं सांगणारं. आधी मला ते वडिलांवरचं गाणं वाटायचं. ते त्या पोटातल्या बाळासाठी आहे.

कव्वालीवेडा

@पाव्या, दादा, शिनेमधलं ते 'हलका हलका' जरूर ऐका. सात-आठ मिनिटं द्या फक्त.

लोकल_९_०७

मी काल रात्री ऐकलं. बाबा बाजूच्या खोलीत होते, ते नुसरतवाले, त्यांच्याकडे अजून कॅसेटी आहेत. दारात येऊन उभे राहिले, विचारलं हा गोरा कोण. सांगितलं. काही बोलले नाहीत, पलंगावर येऊन बसले आणि संपल्यावर म्हणाले, परत लाव.

पाव्या

ऐकतो आज रात्री. कार्यक्रम आहे, आल्यावर.